सोलापुरातल्या तरुण कामगाराला सरकारी उपचार आणि पैशाची मदत कशी मिळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी २३ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, पगार चौदा हजार. वडील नाहीत. आई विड्या वळते, धाकटी बहीण डिप्लोमाला आहे. रेशनकार्ड गावाकडे आजोबांच्या नावावर. मागच्या महिन्यात माझ्या मित्राचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं, त्याने शेकडा पाच रुपये व्याजाने पैसे काढले. आमच्यासारख्यांना सरकारकडून खरंच काही मिळतं का, की नुसत्या जाहिरातीच?"

मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात झाली. डॉक्टर ऑपरेशन लिहून देतात आणि नातेवाईक "पैशाचं काय?" विचारत ज्या टेबलापाशी येतात, ते टेबल माझं. तिथे बसून जे कळलं ते सांगते.

मिळतं, आणि बरंच मिळतं. पण तुझ्या वयाच्या माणसाला ते सहजी मिळत नाही, कारण तो कुणाच्याच यादीत धड नसतो. अठरा वर्षांपर्यंत शाळा-अंगणवाडीतून मुलांची तपासणी होते, पुढचे उपचारही होतात. साठी-पासष्टीनंतर निवृत्तिवेतनाच्या योजना आहेत, सत्तरीनंतर वेगळं आयुष्मान कार्ड आहे. मधला माणूस हातीपायी धड आहे, कमावतोय, असं सगळे धरून चालतात, तो स्वतःसुद्धा. त्याचं नाव आजोबांच्या कार्डावर, राहायला भाड्याची खोली, बँकेचं खातं कॉलेजात असताना काढलेलं आणि मोबाईल नंबर तीनदा बदललेला. आजार आला की पहिले चार दिवस उपचारात जात नाहीत, झेरॉक्स काढण्यात जातात. म्हणून खाली योजनांपेक्षा कागदांबद्दलच जास्त लिहिलंय. कंटाळवाणं वाटलं तरी वाच.

पहिला प्रश्न तुलाच विचारते. तुझ्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापतात का?

कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कामगार विमा लागू होतो. पगाराच्या ०.७५ टक्के तुझे, ३.२५ टक्के मालकाचे. चौदा हजारांवर तुझे जातात १०५ रुपये आणि मालकाचे ४५५. एवढ्या पैशात जे मिळतं ते बाजारातला कुठलाही खासगी विमा देणार नाही. नोकरीला लागल्या दिवसापासून तुला आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईला उपचार. त्यात ओपीडी आली, औषधं आली. अगोदरचा आजार असला तरी अडवत नाहीत. सोलापुरात होटगी रोडला कामगार विम्याचं रुग्णालय आहे. तिथे न होणारा उपचार असेल, तर ते चिठ्ठी देऊन दुसऱ्या रुग्णालयात पाठवतात. चिठ्ठी न घेता परस्पर भरती झालास, तर मात्र भांडणात दिवस जातील.

पैशाच्या मदतीचं लोकांना माहीतच नसतं. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली आणि त्यामुळे हजेरी बुडली, तर कामगार विमा महामंडळ रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम थेट तुझ्या खात्यात भरतं. लागोपाठच्या दोन लाभ-कालावधींत मिळून, म्हणजे साधारण वर्षात, ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. अट अशी की त्याआधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. क्षयरोग, कर्करोग असे लांबणारे आजार असतील आणि दोन वर्षांची सलग नोकरी असेल, तर पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. यंत्रात बोट सापडलं, कामावर इजा झाली, तर ९० टक्के, आणि त्याला ७८ दिवसांची अटही नाही. तुझ्या पगाराला महिनाभर आजारपण आलं तर नऊ हजारांच्या वर रक्कम होते. घरभाडं आणि किराणा निघतो. शेकडा पाचच्या सावकाराकडे जायची वेळ इथेच टळते, कारण कर्ज बहुतेकदा ऑपरेशनपेक्षा बुडालेल्या पगारामुळे वाढत जातं.

आता आपल्या गावची गोम. एकाच शेडमध्ये माग तीन नावांवर असतात. भाऊ, बायको, मेहुणा. प्रत्येक नावावर सहा-सात माणसं दाखवली की दहाचा आकडा गाठायचाच नाही. काही ठिकाणी पगारातून पैसे कापतात पण नोंद दिसत नाही. तेव्हा मालकाशी वाद न घालता आधी दहा अंकी विमा क्रमांक मागून घे. क्रमांक असेल तर वर्गणी भरली की नाही हे ऑनलाइन दिसतं. नसेल तर होटगी रोडला किंवा विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात आधार घेऊन जा, ते शोधून देतात. तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मिळून विचारलं, तर मालकही जरा सावरून उत्तर देतो. एकट्याने विचारलं तर पुढच्या आठवड्यात पाळी बदलते, हे मला वेगळं सांगायला नको.

आता दुसरा आधार, रेशनकार्ड.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणजे पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. २ जुलै २०१२ला ती ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. म्हणजे इथल्या रुग्णालयांना ही योजना नवी नाही, कुणी "आमच्याकडे अजून आली नाही" म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. २०१७ला नाव बदललं, २०२०ला केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली, आणि जुलै २०२३च्या शासन निर्णयाने दोन मोठे बदल झाले: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, आणि पिवळं-केशरीच नाही तर पांढरं कार्डही पात्र. लोकांनी पांढरी कार्डं "काय उपयोग" म्हणून कपाटात टाकली होती, ती शोधून काढावी लागली.

पाच लाख दर माणशी नसतात, कार्डावरच्या सगळ्या कुटुंबाला मिळून असतात. तुझ्या आजोबांच्या कार्डावर दोन काका, त्यांची मुलं आणि तुम्ही तिघं असाल, तर आजोबांच्या बायपासनंतर जे उरेल ते सगळ्यांचं. शिवाय ज्याच्या नावाने कार्ड, त्याच्या कपाटाची किल्ली. रात्री दोन वाजता गावाहून कार्ड मागवायचं, आणि काकांशी बोलणं बंद असेल तर तेही नाही. म्हणून तुम्ही तिघांनी आईच्या नावावर स्वतंत्र कार्ड करून घ्या. गावच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला, मग शहरात तुमच्या भागाच्या परिमंडळ कार्यालयात नवीन कार्डासाठी अर्ज. ऑनलाइनही होतं. यात एक धोका आहे. जुन्यातून नाव कमी झालं आणि नवीन कार्ड हातात आलं नाही, अशा मधल्या दिवसांत माणूस कुठेच नसतो. म्हणून घरात कुणी आजारी असताना, ऑपरेशनची तारीख ठरलेली असताना हे काम काढायचं नाही. आता सगळे बरे आहात, आता करा. आणि कार्ड झालं की रेशन दुकानात तिघांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. ती नसली की नाव गोठतं, आणि ते कळतं नेमकं भरतीच्या दिवशी.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांची आणखी एक अडचण आहे. आधारवर आडनाव आधी, रेशनकार्डावर शेवटी. एकीकडे 'चिलका', दुसरीकडे 'चिल्का', आणि इंग्रजीत तर तीन तऱ्हा. संगणकाला हे तीन वेगळे लोक वाटतात. आधार, रेशनकार्ड आणि पासबुक तिन्ही समोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवून बघ. तफावत असेल तर आधार दुरुस्त करायचं की कार्ड, हे जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ठरव. सगळं त्याच्याशी जुळवायचं.

आयुष्मान कार्ड वेगळं काढायचं का, असं बरेच जण विचारतात. रेशनच्या यादीत पात्र असशील तर काढून ठेव, ते फुकट आहे. मोबाईलवरच्या आयुष्मान अ‍ॅपवरून होतं किंवा आशाताई, सेवा केंद्र करून देतात. आपल्याकडची पोरं कामाला पुण्याला जातात तशी हैदराबाद, बेंगळुरूलाही जातात. राज्याची योजना मुख्यतः महाराष्ट्रातल्या रुग्णालयांपुरती आहे. आयुष्मानचा लाभ दुसऱ्या राज्यातही, योजनेत असलेल्या रुग्णालयात, घेता येतो. कार्डासाठी कुणी दोनशे-तीनशे मागितले तर देऊ नकोस.

आता प्रत्यक्ष रुग्णालयाच्या दारात काय करायचं. तुझ्या मित्राचं नेमकं इथेच चुकलं असणार.

मुतखड्याची ऑपरेशनं योजनेत आहेत. पण ही योजना बिनपैशाची आहे, परताव्याची नाही. म्हणजे आधी तू रोख भरायचे आणि मग पावत्या दाखवून सरकारकडून घ्यायचे, असं नाही. खासगी रुग्ण म्हणून भरती झाला, अनामत भरली, ऑपरेशन झालं, घरी आला आणि मग कुणी सांगितलं "अरे, योजना होती की" — तर ते पैसे योजनेतून परत येत नाहीत. म्हणून भरतीच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. हे रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का? आणि मला हवा तो उपचार या रुग्णालयात योजनेत होतो का? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. एखादं रुग्णालय योजनेत असतं, पण फक्त हाडांच्या किंवा फक्त हृदयाच्या विभागापुरतं. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत, ते खासगीत योजनेतून होतच नाहीत. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरांवर फोन केला तर हे कळतं.

यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे भरायच्या खिडकीपाशी जाण्याआधी त्याच्यापाशी जायचं. रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. तो नाव नोंदवतो, रुग्णालय तपासण्यांचे कागद जोडून मंजुरी मागतं, मंजुरी आली की ऑपरेशन. अपघात, झटका अशा तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागाहून लवकरात लवकर द्यायचे. मंजूर उपचारात खाटेचं भाडं, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी परतायचा प्रवासखर्च धरलेला असतो. "योजनेतून ऑपरेशन होईल, पण इंजेक्शनचे आठ हजार वेगळे" असं कुणी म्हणालं, तर पावती माग. पावतीचं नाव काढलं की अर्ध्या मागण्या विरून जातात, हा अनुभव आहे. तरीही पैसे घेतलेच, तर पावतीसह योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी तक्रार कर. योजनेच्या रुग्णाकडून घेतलेले पैसे रुग्णालयाला परत करायला लावता येतात. मित्राला विचार, तो योजनेत नोंदला गेला होता का. नोंदला असून पैसे घेतले असतील तर अजून मार्ग आहे. आणि त्याचा ईएसआय असेल तर आजारपणाच्या रजेचे पैसे मागायचा प्रयत्न लगेच करू दे.

योजनेत काय बसत नाही तेही सांगते. साधा ताप, खोकला, ओपीडीतली तपासणी, चष्मा, महिन्याच्या गोळ्या. नुसतं "तपासण्यांसाठी भरती करून घ्या" हेही नाही. या गोष्टींसाठी महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आणि 'आपला दवाखाना' नावाचे सरकारी दवाखाने. तिथे डॉक्टर असतात, रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या मिळतात. सिव्हिलच्या केसपेपरच्या रांगेत सकाळ घालवणाऱ्या निम्म्या तरुणांचं काम घराजवळच्या केंद्रात झालं असतं.

सिव्हिलबद्दलचा एक गैरसमज काढते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखाने पूर्ण मोफत झाले, हे खरं आहे. पण ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरतं: प्राथमिक आरोग्य केंद्र, अक्कलकोटसारखं ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय. आपलं सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथे ठरवून दिलेलं नाममात्र शुल्क लागतं. खिडकीवर "मोदींनी/शिंदेंनी फुकट केलंय ना" म्हणून भांडणारे मी रोज बघायचे, आणि खिडकीतली बाईही काही समजावून सांगायच्या मनःस्थितीत नसायची. पिवळं कार्ड असेल तर आधीच दाखव, सवलत मिळते. मोठ्या उपचाराला सिव्हिल फुले योजनेतही आहेच.

क्षयरोगाबद्दल मात्र थोडं थांबून लिहिते, कारण सोलापुरात हा आजार वीस-तीस वर्षांच्या मुलामुलींना गाठतो. मागावरचा कापसाचा धुरळा, विडीच्या तंबाखूची धूळ, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, एवढं दिसलं की थुंकी तपासायची. तपासणी आणि संपूर्ण औषधं मोफत आहेत, खासगी डॉक्टरकडे उपचार घेत असशील तरी मोफत औषधं मिळू शकतात. शिवाय निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये आहारासाठी खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४च्या आधी हे ५०० होते, म्हणून जुने लोक तुला पाचशेच सांगतील. खासगी डॉक्टरकडच्या रुग्णालाही हे पैसे लागू आहेत, फक्त त्याने तुझी नोंद निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, केलेली हवी. मुलींच्या बाबतीत लग्न मोडेल म्हणून नोंदच करू देत नाहीत. मी खूप आयांशी यावर वाद घातलाय. नोंद गुप्त राहते, आणि अर्धवट औषध घेतलेला क्षय पुढे औषधांना दाद देत नाही, तेव्हा लपवायला काही उरत नाही. चौकशीला १८०० ११ ६६६६.

आता समजा योजनेत बसत नाही, किंवा पाच लाख संपले. तेव्हा दोन मार्ग.

एक, धर्मादाय रुग्णालय. ट्रस्टने चालवलेल्या, कायद्याने ठरवलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तुझे चौदा हजार महिना म्हणजे १ लाख ६८ हजार, त्यात आईची विडीची मजुरी धरली की तू दुसऱ्या गटात जाशील. तातडीच्या वेळी अनामत मागून अशा रुग्णाला अडवता येत नाही. रुग्णालयाच्या नावात 'ट्रस्ट' आहे की नाही यावर जाऊ नकोस, मोठमोठी चकचकीत रुग्णालयंही धर्मादाय असतात. सोलापुरातल्या धर्मादाय कार्यालयात यादी मिळते. भरतीच्या वेळी तिथल्या समाजसेवकाला भेटायचं, बिल तयार झाल्यावर नाही. "खाटा शिल्लक नाहीत" असं उत्तर आलं तर तेच लेखी द्या म्हणायचं.

दुसरा, मुख्यमंत्री सहायता निधी. कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत, ठरावीक गंभीर आजार, आणि दुसऱ्या योजनेत न बसणारा उपचार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तपासणीचे रिपोर्ट आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. डिस्चार्ज झाल्यावर बिलं घेऊन गेलास तर उपयोग नाही. पूर्वी यासाठी मुंबईच्या फेऱ्या व्हायच्या, आता जिल्हाधिकारी कार्यालयातच कक्ष आहे. आमदारांचं पत्र लागतंच असं नाही. आणलं तर बिघडत नाही, पण त्यासाठी दोन दिवस दारात बसू नकोस.

दोन्हीकडे उत्पन्नाचा दाखला लागतो हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तो सेतूत किंवा आपले सरकारवर अर्ज करून मिळतो, सेवा हमी कायद्याखाली त्याला मुदत आहे. पण माणूस अतिदक्षता विभागात असताना कुठलीच मुदत परवडत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये नवा काढून ठेव, बहिणीच्या शिष्यवृत्तीलाही तोच लागतो.

दरमहा मदतीचं विचारशील तर तरुणांसाठी ती फार थोडी आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत १८ ते ६५ वयाच्या निराधार, दिव्यांग, क्षय-कर्करोग-एड्ससारखा आजार असलेल्या, घटस्फोटित किंवा सोडून दिलेल्या बायकांना महिना १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय २०२५मध्ये झाला. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. अनुदानच वर्षाला अठरा हजार होतं, आणि पात्र व्हायला उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं! ही मर्यादा कुठल्या काळातली आहे ते सरकारलाच माहीत. खऱ्या गरजूंना दाखला काढताना खोटं बोलायला लावणारी अट आहे ही, आणि मी तसं वरिष्ठांनाही सांगितलेलं आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर मात्र यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढच. मागात बोटं गेलेली कितीतरी मुलं "एवढ्याने कोण अपंग म्हणेल" म्हणून तपासायलाच जात नाहीत. टक्केवारी डॉक्टरांच्या मंडळाला ठरवू दे. अर्ज ऑनलाइन, तपासणी सिव्हिलला.

आता बँकेचं. वरचे तुझ्या हाती येणारे बहुतेक पैसे थेट खात्यात येतात, आणि तुझी तीन खाती असतील तर ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलंय तिथेच जातात. "पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे कॉलेजच्या वेळच्या बंद पडलेल्या खात्यात पडून असतात. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार याच खात्याला जोडलंय ना?" हे शब्द वापरून विचार. नुसतं "आधार लिंक आहे का" विचारलंस तर ते केवायसी बघून हो म्हणतात, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

त्याच वेळी दोन अर्ज भरून दे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. आणि जीवन ज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख. सुरक्षा विमा १८ ते ७० वयाला, जीवन ज्योतीत शिरायला १८ ते ५०. हप्ता मे महिन्याच्या शेवटी आपोआप कापतात, तेव्हा खात्यात शिल्लक हवी. आणि आईला सांगून ठेव. दुचाकीवर गेलेल्या मुलांच्या घरी आम्ही आधी पासबुक मागायचो, कारण त्यात वीस रुपयांची ती ओळ असायची आणि घरात कुणाला माहीत नसायचं. पुण्याच्या, हैदराबादच्या, विजापूरच्या रस्त्यावर अपघात झाला तर आणखी एक सोय आहे: मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत, ठरवलेल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरता मिळतो. रेशनकार्ड लागत नाही. पोलिसांत नोंद मात्र लागते, म्हणून "केस नको" म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नकोस.

झोप लागत नाही, जगणं नको वाटतं, दारू सुटत नाही, अशा तक्रारींसाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. तू यातलं काही विचारलं नाहीस, पण तुझ्या वयाची मुलं ते कधीच विचारत नाहीत, म्हणून लिहिलं.

राहिली तुझी आई आणि बहीण. आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का? कारखान्याचं हजेरीचं पुस्तक नव्हे, केंद्र सरकारच्या कामगार कल्याण संघटनेचं ओळखपत्र. बऱ्याच बायका वर्षानुवर्षं विड्या वळतात आणि पुस्तक मात्र जावेच्या किंवा शेजारणीच्या नावावर असतं. तसं असेल तर आधी ते आईच्या नावावर करून घे. ओळखपत्रावर विडी कामगारांच्या दवाखान्यात उपचार मिळतात, आणि मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती. आयटीआय, पॉलिटेक्निक आणि साध्या पदवीला वर्षाला ६,०००, इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा, राज्याच्या महाडीबीटीवर नाही. तुझी बहीण डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीला गेली तर तीच शिष्यवृत्ती सहा हजारांवरून पंचवीस हजारांवर जाते. शिवाय २०२४-२५ पासून इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) घटकातल्या मुलींना, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. जातीचा दाखला तयार ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की काम संपलं असं समजू नका. आधी कॉलेजने आणि मग कामगार कल्याण कार्यालयाने तो पडताळावा लागतो, आणि बरेच अर्ज कॉलेजच्या टेबलावरच राहून मुदत उलटते. बहिणीला दर आठवड्याला कार्यालयात जाऊन "माझा अर्ज पुढे पाठवलात का?" विचारायला सांग.